फुंकरीचे वजन

रेल्वेच्या फलाटावरचे वजनाचे यंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सहसा विसरता येत नाही. लाल-पिवळे दिवे लुकलुकत असत, काचेआड एक चक्र फिरत असे. पायठ्यावर उभे राहून नाणे टाकले की खडखडाट होऊन जाड कागदाचे तिकीट बाहेर पडे. तिकिटावर वजन छापलेले असे, आणि आपले भविष्यही. भविष्यावर आपण हसत असू आणि वजनावर विश्वास ठेवत असू. दोन्ही एकाच यंत्राने, एकाच नाण्यात दिलेली असत, तरीही! त्या यंत्राची शेवटची तपासणी कोणी केली, केव्हा केली, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला असेल?

याच कुळातले एक यंत्र १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक मद्यालयांत भिंतीवर टांगलेले असे. नाणे टाकायचे, नळी तोंडाशी धरून जोराने फुंकायचे, की समोर लाल आकडे उमटत : आपल्या रक्तात अल्कोहोल किती आहे. कोणी मित्रांशी पैज लावून फुंकत असे. कोणी मात्र मनापासून फुंकत असे, कारण दारात गाडी उभी असे आणि घरी जायचे असे.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना जुनी नाणेयंत्रे विकत घेऊन दुरुस्त करण्याचा छंद आहे. त्यांच्याकडे काही आठवडे मुक्काम असताना त्यांनी असे एक यंत्र आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तुम्ही प्रयोगशाळेतली माणसं. हे चालू करा, आणि मुख्य म्हणजे खरं बोलायला लावा." चालू करणे हे एका संध्याकाळचे काम निघाले. खरे बोलायला लावण्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत या यंत्रामागचा दीडशे वर्षांचा इतिहास हळूहळू उलगडत गेला. तोच येथे सांगायचा आहे.

श्वासात अल्कोहोल येते कोठून?

मद्य पोटात गेले की त्यातील अल्कोहोल जठरातून थोडे आणि लहान आतड्यातून बरेचसे, असे रक्तात शोषले जाते. हे रक्त फुफ्फुसांतील वायुकोशांपाशी येते तेव्हा रक्त आणि हवा यांच्यामध्ये एक अत्यंत पातळ पडदा तेवढा असतो. अल्कोहोल सहज वाफ होणारा पदार्थ आहे. त्याचा थोडा अंश पडद्यापलीकडच्या हवेत जातो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो.

किती अंश? याचे उत्तर इंग्लंडमधील विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. तापमान ठरावीक असेल तर द्रवात विरघळलेल्या वायूचे प्रमाण आणि त्या द्रवावरील हवेतील त्याचे प्रमाण यांचे गुणोत्तर स्थिर राहते. अल्कोहोलच्या बाष्पालाही, प्रमाण कमी असताना, हा नियम लागू पडतो. तोंडावाटे बाहेर पडणाऱ्या श्वासाचे तापमान सुमारे ३४ अंश सेल्सियस असते, आणि त्या श्वासासाठी २१०० हे गुणोत्तर धरण्याची पद्धत पडली. म्हणजे १ मिलिलिटर रक्तात जेवढे अल्कोहोल, तेवढेच २१०० मिलिलिटर श्वासात.

'तापमान ठरावीक असेल तर' ही अट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिनेच आम्हाला चकवले.

फुटबॉलच्या फुग्यापासून सुरुवात

श्वासातील अल्कोहोल प्रथम शोधले ते पोलिसांनी नव्हे, वैद्यांनी. पिणाऱ्याच्या शरीरातून अल्कोहोल जसेच्या तसे बाहेर टाकले जाते की शरीर ते जाळून टाकते, हा एकोणिसाव्या शतकातला वादाचा प्रश्न होता. लंडनचे डॉक्टर फ्रान्सिस ॲन्स्टी यांनी १८६० आणि १८७०च्या दशकांत दाखवून दिले, की श्वास आणि लघवी यांवाटे अल्कोहोलचा अगदी थोडा भाग बाहेर पडतो. उरलेले शरीरच वापरून टाकते. त्यांचे साधन होते क्रोमिक आम्लाचे नारिंगी द्रावण, जे अल्कोहोलच्या संपर्काने हिरवे होते. बारावीच्या प्रयोगशाळेत आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेट वापरून आपण दाखवतो तीच ही अभिक्रिया. डायक्रोमेटचे २ रेणू अल्कोहोलच्या ३ रेणूंचे ॲसिटिक आम्लात रूपांतर करतात आणि स्वतः हिरव्या क्रोमियम क्षारात बदलतात.

१९२७ मध्ये लॉस एंजेलिस येथील एमिल बोगेन यांनी मद्यपींना फुटबॉलच्या रबरी फुग्यात फुंकायला लावले आणि ती हवा डायक्रोमेट व गंधकाम्लाच्या मिश्रणातून सोडून रंगाची तुलना केली. २ लिटर श्वासात साधारण १ मिलिलिटर लघवीइतके अल्कोहोल असते, असे त्यांना आढळले. पुढे रक्तासाठी ठरलेला २१०० हा आकडा यापासून फार दूर नाही.

मोटारी वाढल्या, अपघात वाढले, आणि प्रश्न दवाखान्यातून रस्त्यावर आला. इंडियाना विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ रोला हार्गर यांनी १९३१ मध्ये 'ड्रंकोमीटर' तयार केले. फुग्यातील श्वास आम्लयुक्त परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडायचा आणि रंग उडायला किती श्वास लागला ते पाहायचे. श्वास फुफ्फुसाच्या तळापासून आला की नुसता तोंडातला, हे ठरवण्यासाठी ते त्यातील कार्बन डायऑक्साइडही मोजत. तत्त्व उत्तम होते. पण ताजी द्रावणे, वजने आणि आकडेमोड एवढी, की रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शिपायाला ते झेपणे कठीण.

ती अडचण दूर केली इंडियाना राज्य पोलिसांतील अधिकारी रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी. ते छायाचित्रणाच्या तंत्रातून पोलिस प्रयोगशाळेत आलेले. हार्गर यांच्या यंत्राचा त्यांना चांगला सराव होता. १९५४ मध्ये त्यांनी 'ब्रेथलायझर' बनवले. ही रचना शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. फुंकलेल्या श्वासाचा शेवटचा भाग तेवढा एका गरम नळकांड्यात अडकवला जाई. त्यातून ५२.५ मिलिलिटर श्वास डायक्रोमेटच्या छोट्या कुपीतून जाई. हा आकडा विचित्र वाटतो, पण ५२.५ ला ४० ने गुणून पाहा. २१०० येतात! म्हणजे कुपीत नेमके १/४० मिलिलिटर रक्तातले अल्कोहोल उतरते. दीड मिनिट थांबले की अभिक्रिया पूर्ण होई. शेजारी तशीच, पण न वापरलेली दुसरी कुपी. दोघींच्या मधोमध एक दिवा आणि दोन्हींच्या मागे प्रकाशघट. वापरलेल्या कुपीचा नारिंगी रंग फिका झाल्याने तिच्यातून जास्त निळा प्रकाश पार होतो. दोन्हींकडचा प्रकाश पुन्हा सारखा होईपर्यंत दिवा हाताने सरकवायचा. दिवा जितका सरकला तितके अल्कोहोल. अंतर वाढले की प्रकाशाची तीव्रता कमी होते, हे दहावीतले ज्ञान येथे तराजूच्या दांडीसारखे वापरले आहे.

या यंत्राने पोलिसांचे काम सोपे केलेच, पण संशोधनही शक्य केले. बोर्केनस्टाइन यांनी १९६२-६३ मध्ये मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहरात अपघात झालेल्या सुमारे ६ हजार चालकांच्या आणि अपघात न झालेल्या सुमारे साडेसात हजार चालकांच्या श्वासांची तुलना केली. रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या पुढे गेले की अपघाताचा धोका झपाट्याने चढतो, असे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. (०.०८ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम.) ब्रिटनने १९६७ मध्ये घातलेली ८० मिलिग्रॅमची मर्यादा याच अभ्यासाच्या आधाराने आली.

कथिलाचा मणी

मग मद्यालयातल्या यंत्रात काय होते? कुप्या नव्हत्या, दिव्याची दांडीही नव्हती. होता तो कथिलाच्या ऑक्साइडचा एक लहानसा मणी.

त्याचे मूळ जपानमध्ये आहे. तेथील घरांत स्वयंपाकाच्या गॅसचे स्फोट होत, म्हणून नाओयोशी तागुची यांनी १९६०च्या दशकात गळतीची सूचना देणारा स्वस्त संवेदक तयार केला. टिन ऑक्साइड हा अर्धवाहक आहे. तो तापवून हवेत ठेवला की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. जळू शकणारा वायू आला की तो या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. अल्कोहोलचे बाष्प हाही जळणारा वायूच. त्यामुळे गळती शोधणारा मणी थोड्या फेरफाराने श्वास शोधू लागला.

पण या मण्याला दोन खोडी आहेत. तो अल्कोहोल ओळखत नाही; 'काहीतरी जळणारे आहे' एवढेच त्याला कळते. सिगारेटचा धूर, अत्तर, नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन, सगळे त्याला सारखेच. आणि त्याचा प्रतिसाद सरळ प्रमाणात नसतो. अल्कोहोल दुप्पट झाले म्हणून संकेत दुप्पट होत नाही.

न्यायालयापुढे मांडायच्या मोजणीसाठी पुढे दोन वेगळ्या वाटा निघाल्या. एकीत श्वासातून अवरक्त किरण सोडून अल्कोहोलचे शोषण ३.४ किंवा ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीवर मोजतात. दुसरीत इंधनघट वापरतात. वेल्समधील टॉम पॅरी जोन्स यांनी १९७४ मध्ये असे हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. मद्यालयाच्या भिंतीवर मात्र स्वस्त मणीच राहिला.

यंत्र चालू करताना

प्रथम नाण्याची वाट साफ केली. ही वाट म्हणजे पदार्थविज्ञानाचा छोटा धडाच होता. घरंगळणारे नाणे एका चुंबकासमोरून जाते. लोखंडी चकती चुंबकाला चिकटून अडकते. पाव डॉलरचे तांबे-निकेलचे नाणे चिकटत नाही. पण त्यात भोवरी प्रवाह निर्माण होऊन ते ठरावीक वेगाने मंदावते आणि बरोबर खाचेत पडते. धातू वेगळा असेल तर नाणे फार लांब किंवा फार जवळ पडून परत येते. नाणे खोटे आहे की खरे, हे यंत्र इतक्या काटेकोरपणे तपासत होते. श्वासाबाबत तेवढाच काटेकोरपणा आहे का, हे आता पाहायचे होते.

पुढे फुंकण्याची नळी आणि दाबाची कळ. काही सेकंद सलग फुंकल्याशिवाय यंत्र मोजत नसे, आणि ते योग्यच होते. श्वासनलिकेतली पहिली सुमारे १५० मिलिलिटर हवा वायुकोशांपर्यंत पोचलेलीच नसते.

वीज जोडली तेव्हा आम्ही कोणी काही प्यालेलो नसताना यंत्राने भरघोस आकडा दाखवला. स्नेही हसले; पण यात आश्चर्य नव्हते. वर्षानुवर्षे थंड पडलेल्या मण्यावर ओलावा आणि इतर वायू साचलेले असतात. तो तापवत ठेवायचा आणि वाट पाहायची, एवढाच उपाय. आम्ही आठवडाभर यंत्र चालू ठेवले. स्वच्छ हवेतला आकडा रोज उतरत गेला आणि अखेर शून्यावर स्थिरावला. मद्यालयात रोज रात्री यंत्राची कळ बंद करून सकाळी उघडणारा मालक असेल, तर त्याचे पहिले गिऱ्हाईक कोणता आकडा घेऊन गेले असेल?

ठाऊक असलेला श्वास

आता अंशांकन, म्हणजे कॅलिब्रेशन. किराणा दुकानाचा तराजू तपासायचा तर ठाऊक असलेले वजन हवे. श्वासयंत्र तपासायचे तर ठाऊक असलेला श्वास हवा. माणसाला मद्य पाजून ते होत नाही. पण हेन्रीच्या नियमाने ते फ्लास्कमध्ये होते : अल्कोहोलचे पाण्यातील द्रावण ३४ अंशांवर ठेवायचे, त्यातून हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि वरून निघणारी दमट हवा यंत्राला द्यायची.

पाण्याचे गुणोत्तर रक्तापेक्षा वेगळे असते. म्हणून ०.१० टक्के रक्ताशी जुळणारा श्वास मिळवायला लिटरला १ ग्रॅम नव्हे, तर १.२१ ग्रॅम अल्कोहोल लागते. शुद्ध अल्कोहोलची घनता ०.७८९, म्हणून ते १.५३ मिलिलिटर भरते. याच हिशेबाने ०.०३, ०.०५ आणि ०.१५ चीही द्रावणे केली. बुडबुड्यांसाठी मत्स्यालयाचा पंप घेतला. दर खेपेस १ लिटर हवा सुमारे अर्धा मिलिग्रॅम अल्कोहोल घेऊन जाते, आणि अर्ध्या लिटर द्रावणात ते ६०५ मिलिग्रॅम असते. दहा फुंकरींनीही एक टक्का घट होत नाही.

पहिल्या दिवशी आकडे खाली-वर होत राहिले. कारण नळीत दिसले. नळी थंड असल्याने बाष्पाचे थेंब जमून अल्कोहोल त्यातच विरघळत होते. नळी गरम ठेवली आणि आकडे स्थिर झाले. ०.१० च्या द्रावणावर यंत्र जुळवले आणि आम्ही समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुसरा तापमापक लावला, आणि तेच द्रावण, तेच यंत्र दहा टक्क्यांनी कमी दाखवू लागले. कोण खोटे बोलत होते? बर्फाच्या पाण्यात दोन्ही तापमापक बुडवले. आदल्या दिवशीचा तापमापक शून्याऐवजी उणे दीड अंश दाखवत होता! ताप मोजण्याच्या थर्मामीटरशी ३६ अंशांच्या आसपास ताडून पाहिले. तेथेही तेवढाच फरक. म्हणजे आमचे ३४ अंश खरे साडेपस्तीस होते. ३४ अंशांजवळ दर अंशाला अल्कोहोलचे बाष्प सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढते, त्यामुळे आमचा '०.१०' हा श्वास खरा ०.११ होता. यंत्राला शिकवणारा मास्तरच चुकीचा पाढा म्हणत होता.

तापमान दुरुस्त करून सर्व द्रावणे पुन्हा लावली. ०.१० ला यंत्र ०.१० दाखवी. पण ०.०५ च्या द्रावणाला ते ०.०६ ते ०.०७ दाखवी, ०.०३ ला ०.०५, आणि ०.१५ ला फक्त ०.१३. मण्याची दुसरी खोड ती हीच. यंत्रात जुळवणीचा स्क्रू एकच होता. एका स्क्रूने रेषेवरचा एकच बिंदू जुळतो, वक्र जुळत नाही. कमी प्यालेल्याला हे यंत्र उगाच घाबरवी आणि पुष्कळ प्यालेल्याला थोडे कमी सांगे. चूक जेथे सर्वांत महाग, तेथेच ती पिणाऱ्याच्या बाजूने झुकत होती.

आकडा आणि दिवा

आम्ही खरा आकडा आणि यंत्राचा आकडा यांचा आलेख काढून यंत्राशेजारी चिकटवला. त्याच आठवड्यात स्नेह्यांकडे मित्रमंडळी जेवायला आली. एका पाहुण्यांनी फुंकले, आलेखावरून ०.०४ निघाले. तांबडा दिवा लागला नाही. "म्हणजे मी गाडी चालवू शकतो," ते म्हणाले.

तीन आठवडे खपून सुद्धा आम्हाला 'हो' म्हणता येईना. शेवटचा पेला संपून वीस मिनिटेच झाली होती. रक्तातील अल्कोहोल सर्वोच्च पातळीला पोचायला त्यानंतर अर्धा ते दीड तास लागू शकतो. मग यकृत ते ताशी साधारण ०.०१५ टक्क्याने उतरवते. त्यांना थांबवून घेतले. पाऊण तासाने आलेखाने ०.०६ सांगितले. ते पत्नीशेजारी बसून घरी गेले. गाडी पत्नीने चालवली.

यंत्र दोन्ही वेळा बरोबरच होते. ते 'आत्ता' सांगत होते. विचारणाऱ्याला 'वाटेत' हवे होते. याच्या उलट चूकही होते. घोट घेतल्याबरोबर फुंकले तर तोंडातच राहिलेले मद्य आकडा भलताच फुगवते. म्हणून पोलिसी चाचणीत आधी १५ मिनिटे थांबण्याची शिस्त आहे. मद्यालयात पेल्याशेजारी टांगलेल्या यंत्राला ही शिस्त कोण लावणार?

तांबड्या दिव्याचीही एक गोष्ट आहे. तो ०.१० ला लागे, कारण १९८०च्या दशकात अमेरिकेतील बहुतेक राज्यांची मर्यादा तीच होती. १९३९ मध्ये इंडियाना राज्याने पहिल्यांदा आकडा ठरवला तेव्हा तो ०.१५ होता, नॉर्वेने मात्र १९३६ मध्येच ०.०५ ठरवला होता. पुढे अमेरिकेत ०.०८ सर्वत्र आला. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ आहे. आमच्या यंत्राचा हिरवा दिवा ज्यांना निर्धास्त करत होता, त्यांतील पुष्कळांना आपल्याकडे दंड किंवा तुरुंगवास झाला असता. आकडा निसर्गाकडून येतो. दिवा कोठे लावायचा हे कायदा ठरवतो. यंत्राच्या पेटीत दोन्ही एकत्र बसलेले असतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

आणि २१०० हा आकडा तरी? नंतरच्या मोजणीत बहुतेकांचे गुणोत्तर त्याहून थोडे जास्त, २३०० च्या आसपास आढळले. माणसामाणसात फरक असतोच. ब्रिटनने १९८३ मध्ये श्वासाची मर्यादा १०० मिलिलिटरला ३५ मायक्रोग्रॅम ठरवली. ८०,००० ला ३५ ने भागून पाहा, सुमारे २२८६ येतात. अमेरिकेतील कायद्यांनी पुढे रक्ताचा वादच टाळला आणि मर्यादा थेट २१० लिटर श्वासातील ग्रॅममध्ये लिहिली.

स्नेह्यांनी यंत्र तळघरात लावले आहे. नाणे अजून लागते. आलेखाखाली त्यांनी अंशांकनाची तारीख लिहिली आहे, आणि सहा महिन्यांनी ती जुनी झाली असे समजावे, अशी सूचनाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत दहा तापमापक असतील, तर एखाद्या तासाला ते सगळे बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून पाहावेत आणि प्रत्येकाचे वाचन मुलांना फळ्यावर लिहू द्यावे. नंतर, शून्य नेमके कोणते, हे त्यांनाच विचारावे.